मांजराचे वजन

स्वारगेटच्या एस्. टी. स्टँडामागच्या एका गल्लीत आमचे बिऱ्हाड आहे. घोडेस्वारांच्या चौकीवरून या भागाला हे नाव पडले असे जुनी माणसे सांगतात. स्वार गेले, चौकी गेली, मागाहून टांगेही गेले. चौकावर उड्डाणपूल चढला आणि 2024 च्या सप्टेंबरात जमिनीच्या पोटातून मेट्रोही येऊन पोचली. या सगळ्या धामधुमीकडे आमच्या खिडकीत बसून एक मांजर गेली चौदा वर्षे पाहत आले आहे. तिचे नाव ठकी.

गेल्या पावसाळ्यात ठकी वाळू लागली. मांजर आजारी पडले की अन्न सोडते, एवढे ज्ञान आम्हांला होते. येथे प्रकार उलटा होता. पूर्वी पोळीचा तुकडा हुंगून तोंड फिरवणारी ही बाई आता परातीतला कणकेचा गोळा पळवू लागली. पहाटे चार वाजता छातीवर येऊन बसावे, ओरडून घर जागे करावे, बशीभर दूध-भाकरी संपवावी आणि तासाभराने पुन्हा पायांत घोटाळावे, असा तिचा क्रम झाला. डोळ्यांत तेज होते, चालण्यात तरतरी होती. मात्र पाठीवरून हात फिरवला की मणका बोटाला लागे आणि केस झाडूसारखे राठ झालेले. "खाल्लेले अंगी लागत नाही," म्हणून आम्ही जंताचे औषध दिले. शेजारच्या मावशींनी दारातूनच निकाल दिला, "अहो, वय झालं तिचं. माणसं नाही का वाळत?"

मला ते पटले. पटण्यासारखेच होते. दोन वर्षांमागे लस टोचताना ठकीचे वजन 4 किलो 200 ग्रॅम भरल्याची नोंद कार्डावर होती. एके दिवशी सहज वाण्याच्या काट्यावर तिला टोपलीत बसवून जोखले, तेव्हा टोपलीचे वजन वजा जाता 3 किलो 100 ग्रॅम उरले. 1100 ग्रॅम म्हणजे फार वाटत नाही. तेवढी तर वांगी आपण पिशवीत घालून आणतो. पण घरी येऊन हिशेब मांडला, तेव्हा लक्षात आले की मूळ वजनाचा चौथा हिस्सा गेला. साठ किलोच्या माणसाचे पंधरा-सोळा किलो असे गेले असते, तर 'वय झाले' म्हणून आपण स्वस्थ बसलो असतो काय?

मांजराच्या रोडावण्याकडे दुखणे म्हणून पाहायला माणूस केव्हा शिकला, हा प्रश्न मला त्या रात्री पडला. त्याचे उत्तर शोधता शोधता जी हकीकत हाती आली, ती येथे सांगतो.

मांजराच्या वजनावरून निदान केल्याचा आपल्या वाङ्मयातला एक फार जुना दाखला महाभारतात आहे, आणि ते निदान उंदरांनी केलेले आहे. उद्योगपर्वात दुर्योधन उलूकाबरोबर धर्मराजाला जो निरोप पाठवतो, त्यात ही गोष्ट येते. गंगेच्या काठी एक मांजर हात वर करून तप करीत उभे राहते. उंदीर त्याला आपला मामा मानून त्याच्या आश्रयाला जातात. मामा म्हणतात, "तपाने मी दुबळा झालो आहे, मला रोज उचलून नदीवर न्या." उंदीर नेतात. काही दिवसांनी त्यांच्या ध्यानात येते की आपली संख्या घटते आहे आणि मामांचे अंग भरत चालले आहे. त्यांतला एक शहाणा उंदीर, डिंडिक, खातरजमा करायला मामांबरोबर मागे राहतो आणि परत येत नाही. मग एक म्हातारा उंदीर बोलतो. कंदमुळे खाणाऱ्याच्या विष्ठेत केस कसे सापडतात? तप करणाऱ्याचे अंग वाढते कसे? वजन आणि विष्ठा या दोन खुणांवरून तो रोग ओळखतो. आजचा पशुवैद्यही प्रथम हेच दोन प्रश्न विचारतो. मामल्लपुरमच्या सातव्या शतकातल्या प्रचंड शिल्पात हे तपस्वी मांजर मागच्या पायांवर उभे आहे आणि भोवती उंदीर जमले आहेत. इतकी ही गोष्ट लोकांच्या मनात रुजलेली होती.

परंतु उंदरांनी मांजर निरखले ते आपल्या जिवासाठी. मांजराच्या जिवासाठी त्याला निरखणारे कोणी नव्हते. मनुस्मृतीत मांजर मारणाऱ्याला प्रायश्चित्त सांगितले आहे आणि आपल्याकडेही मांजर मारल्याचे पाप काशीला गेल्यावाचून फिटत नाही असे म्हणत. मारू नये, इतके ठरले होते. आजारी पडले तर काय करावे, हे ठरले नव्हते. घोड्यासाठी शालिहोत्राचे शास्त्र झाले, हत्तीसाठी पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद झाला, शिकारी ससाण्याच्या दुखण्यांचा विचार कुमाऊँच्या रुद्रदेवाने श्यैनिकशास्त्रात केला. ज्याच्यावर राज्य चाले किंवा राजाची करमणूक होई, त्या प्राण्याला वैद्य मिळाला. मांजर उंदीर मारी आणि दूध चोरी. त्याचे जमाखर्च तेवढ्यावर मिटत. आपल्या म्हणीच पाहा ना. मांजर डोळे मिटून दूध पिते, शिंके तुटते आणि बोक्याचे फावते, मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची हा पेच पडतो. सगळीकडे चोर तेवढे दिसते. म्हाताऱ्या, खंगलेल्या मांजराबद्दल एकही म्हण मला आठवत नाही.

आमच्या पुण्याची गोष्टही याहून वेगळी नाही. आज जेथे सारसबाग आणि पेशवे पार्क आहे, त्या पर्वतीच्या पायथ्याच्या बाजूला सवाई माधवराव पेशव्यांनी प्राणी बाळगले होते. त्यांतल्या गेंड्याचे चित्र गंगाराम तांबट या पुणेकर चित्रकाराने 1790 साली काढले, ते आजही उपलब्ध आहे. गेंड्याचे चित्र निघाले; शनिवारवाड्याच्या कोठारांत उंदीर मारीत फिरणाऱ्या मांजरांचे कोण काढणार?

पुढे इंग्रजी राज्यात पशुवैद्यक आले तेही घोड्याच्या पाठीवर बसूनच. लष्कराचे घोडे आणि उंट मरत, म्हणून त्यांच्या रोगांचा शोध घेणे भाग पडले. त्या रोगांत 'सर्रा' नावाचा एक विलक्षण रोग होता. जनावर चांगले खाते-पिते, तरी ताप येतजात राहतो आणि दिवसेंदिवस अंग झडत जाऊन ते सापळा होऊन मरते. 1880 साली डेरा इस्माईल खान येथे ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याने अशा जनावरांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली धरले आणि त्यात वळवळणारा एक जीव त्याला दिसला. 'खाल्लेले अंगी लागत नाही' या तक्रारीचे एक कारण प्रथमच डोळ्यांना दिसले. जेम्स हेन्री स्टील याने 1885 मध्ये ब्रह्मदेशात खेचरांच्या अशाच रोगाचा अभ्यास केला. हाच स्टील 1886 साली मुंबईस परळला निघालेल्या पशुवैद्यक महाविद्यालयाचा पहिला प्राचार्य झाला. तेथे शेजारीच दिनशा पेटिट यांनी आपल्या पत्नीच्या नावाने उभारलेले बाई साकरबाई रुग्णालय जनावरांसाठी नुकतेच उघडले होते.

आणि 1889 साली हिंदुस्थानातील जनावरांच्या रोगांचा शोध घेणारी पहिली सरकारी प्रयोगशाळा निघाली, ती आपल्या पुण्यात, कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात. डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड तिचे प्रमुख होते आणि सर्रा हा त्यांच्या अभ्यासाचा एक मुख्य विषय होता. ही प्रयोगशाळा 1893 मध्ये कुमाऊँतील मुक्तेश्वरला हलवण्यात आली. आज इज्जतनगरला जी मोठी भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था आहे, तिचे हे मूळ. पुण्यातून रोज जाणाऱ्या-येणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल? खंगणाऱ्या जनावराच्या रक्तात कारण शोधावे, ही दृष्टी या शहरात शंभर वर्षांपूर्वीच येऊन गेली होती. मांजराच्या वाट्याला मात्र ती आली नाही. घोडा गेला तर खजिन्याचे नुकसान होई. मांजर गेले तर दुसरे येई.

मांजराकडे सरकारचे लक्ष वेधले ते प्लेगाने. 1896 साली मुंबईत आणि लगेच पुण्यात प्लेग आला. 1897 चे पुणे आपल्या इतिहासात पुन्हा पुन्हा सांगितले गेले आहे. घरोघरची झडती, गावाबाहेर रानात उभ्या राहिलेल्या झोपड्या, प्लेगाच्या रोग्यांची सेवा करता करता 10 मार्चला झालेला सावित्रीबाईंचा मृत्यू, आणि 22 जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी झाडलेल्या गोळ्या. त्या वेळी रोगाची वाट कोणालाच नीट कळलेली नव्हती. पॉल-लुई सिमाँ याने 1898 मध्ये उंदरावरच्या पिसवेकडे बोट दाखवले आणि मुंबईत लिस्टन आणि प्लेग कमिशन यांच्या प्रयोगांनी 1905-06 च्या सुमारास ते सिद्ध झाले. उंदीर आणि पिसू दोषी ठरल्यावर मांजराची किंमत वाढली. वऱ्हाडात अमरावतीला असलेले इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू ब्युकॅनन यांनी गावोगावची मांजरे मोजली आणि जेथे मांजरे पुष्कळ तेथे प्लेग कमी, असे प्रतिपादन केले. 'प्लेगनिवारक मांजरे' अशा अर्थाच्या मथळ्याचा त्यांचा लेख 1908 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला.

मांजरालाही प्लेग होऊ शकतो हे पुढे समजले, म्हणून ब्युकॅननांचा उपाय वाटतो तितका निर्धोक नव्हता. पण मला त्यात वेगळीच गोष्ट दिसते. आपल्या प्रदेशात एका सरकारी डॉक्टरने मांजरांची खानेसुमारी केली, तीही डोकी मोजून. कोणते मांजर लठ्ठ, कोणते रोड, कोणाचे वय काय, हे विचारण्याची वेळ अजून आली नव्हती.

ती वेळ यायला दोन गोष्टी व्हाव्या लागल्या. मांजर घरात येऊन म्हातारे व्हावे लागले आणि त्याच्या गळ्यातली एक लहानशी गाठ माणसाने आधी स्वतःच्या गळ्यात ओळखावी लागली.

दुसरी गोष्ट आधी सांगतो. माणसाच्या गळ्याशी, श्वासनळीच्या दोन्ही बाजूंना, फुलपाखरासारखी एक ग्रंथी असते. तिला आज आपण थायरॉईड म्हणतो. 1835 साली डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी आणि 1840 मध्ये जर्मनीतल्या बाझेडो यांनी काही विचित्र रोग्यांचे वर्णन केले. गळा सुजलेला, डोळे बटबटीत, छातीत धडधड, हात कापणारे. भूक दांडगी आणि तरी शरीर वाळत चाललेले. 1895 च्या सुमारास माग्नुस-लेव्ही यांनी दाखवले की ही ग्रंथी शरीराच्या शेगडीचा पंखा आहे. तो जास्त फिरला की जळण भराभर संपते. म्हणजे माणूस खातो, पण खाल्लेले जळून जाते. त्याच सुमारास बाउमान यांना या ग्रंथीत आयोडीन सापडले.

आयोडीन कमी पडले की ग्रंथी फुगते, हा गलगंड. हिमालयाच्या पायथ्याशी तो पिढ्यान्‌पिढ्या होता. कांगडा खोऱ्यात 1956 पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मीठ देऊन पाहिले, आणि त्यातून भारताचा गलगंडनिवारण कार्यक्रम 1962 मध्ये सुरू झाला. आपल्या स्वयंपाकघरातल्या मिठाच्या पुडीवर आयोडीनचा उल्लेख असतो, त्यामागे ही सगळी हकीकत आहे.

याच आयोडीनच्या जन्माची एक दंतकथा येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. नेपोलियनच्या युद्धांसाठी फ्रान्सला सोरा हवा होता. बेर्नार कुर्त्वा हा कारखानदार समुद्रशेवाळाच्या राखेतून त्याला लागणारे क्षार काढी. 1811 साली त्या राखेच्या द्रावात तीव्र आम्ल पडले आणि जांभळ्या वाफा उठल्या, ते आयोडीन. इतका भाग इतिहासाचा. आम्लाची बाटली कुर्त्वाच्या मांजराने उडी मारून सांडली, हा भाग लोकांनी पुढे जोडलेला असावा. पण कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला अशी गोष्ट टाकवत नाही. पुढे काय झाले ते वाचल्यावर वाचकांनाही टाकवणार नाही.

आता पहिली गोष्ट, मांजर घरात येऊन म्हातारे होण्याची. मांजर माणसाजवळ आले त्याला सुमारे दहा हजार वर्षे झाली. सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका कबरीत माणसाशेजारी पुरलेले मांजर 2004 साली जगापुढे आले. पण जवळ येणे वेगळे आणि घरात राहणे वेगळे. आमच्या लहानपणीची मांजरे वाड्याची असत, कोणा एकाची नसत. दुपारी कौलांवर, रात्री बोळात. कुठे बोक्यांची मारामारी, कुठे कुत्रा, कुठे गाडीचे चाक. फार थोडी मांजरे म्हातारी होत. पश्चिमेकडे 1947 साली अमेरिकेत एडवर्ड लो या माणसाने एका शेजारणीला मांजराच्या घाणीसाठी राखेऐवजी भाजकी माती दिली, आणि तिचाच पुढे व्यापार झाला. मातीने वास धरला, म्हणून मांजर चोवीस तास चार भिंतींत राहू लागले. डबाबंद अन्न होते, लशी निघाल्या. मांजरे बारा, पंधरा, अठरा वर्षे जगू लागली. आणि जो प्राणी सदैव डोळ्यांपुढे असतो, त्याचे वाळणे दिसते.

तरीही ते फार दिवस कोणाला कळले नाही. साठीच्या दशकात मेलेल्या म्हाताऱ्या मांजरांच्या गळ्यात गाठी पाहिल्याच्या नोंदी पाश्चात्त्य देशांत झाल्या होत्या, पण जिवंतपणी त्या गाठींनी काय केले, याचा ताळा कोणी मांडला नव्हता. त्यासाठी रक्तातले अतिसूक्ष्म द्रव्य मोजणारी पद्धत लागे. ती रोझलिन यालो आणि त्यांच्या सहकाऱ्याने शोधली. त्याबद्दल यालोबाईंना 1977 साली नोबेल मिळाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1979 मध्ये, न्यू यॉर्कच्या अ‍ॅनिमल मेडिकल सेंटरमधील मार्क पीटरसन या तरुण पशुवैद्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी म्हाताऱ्या, खादाड आणि वाळत चाललेल्या मांजरांच्या रक्तात थायरॉईडचे द्रव्य वाढल्याचे जाहीर केले. 1980 मध्ये बोस्टनच्या जीन होल्झवर्थ यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी अशा दहा मांजरांची हकीकत छापली. 1983 पर्यंत पीटरसन यांच्याकडे 131 मांजरांची नोंद झाली होती. आज इंग्लंड-अमेरिकेत उतारवयातल्या मांजरांचा हा नेहमीचा रोग गणला जातो.

जे दुखणे 1978 पर्यंत जवळजवळ कोणाच्या पुस्तकात नव्हते, ते दहा वर्षांत घरोघरचे झाले. ते नव्याने आले, की पूर्वीपासून होते आणि 'वय झाले' या दोन शब्दांखाली झाकले गेले होते? जाणत्यांचे मत असे की दोन्ही. पाहणारे वाढले हे खरे, पण रोगही वाढला. का वाढला, यावर अजून एकमत नाही. डब्यातले अन्न, डब्याच्या आतला लेप, अन्नातले आयोडीनचे कमीजास्त प्रमाण, या सगळ्यांवर संशय आहे. गाद्या-खुर्च्यांच्या स्पंजात आग लागू नये म्हणून सत्तरीच्या दशकापासून घालण्यात येऊ लागलेली ब्रोमीनयुक्त रसायनेही त्यात आहेत. ती धुळीत उतरतात, धूळ मांजराच्या अंगावर बसते आणि मांजर दिवसभर अंग चाटते. 2007 साली अमेरिकेतल्या संशोधकांना मांजरांच्या रक्तात ही रसायने माणसांपेक्षा कितीतरी अधिक आढळली. त्यांतल्या काहींवर 2009 साली स्टॉकहोम करारान्वये जगभर बंदी घालण्याचे ठरले. मांजरांचा रोग याच रसायनांनी होतो असे सिद्ध झालेले नाही. मात्र ज्या जमिनीवर मांजर लोळते, तिच्यावर आपली मुले रांगतात, एवढे कोणीही समजू शकेल.

मांजराने माणसाला आधी इशारा दिल्याचे एक भयंकर उदाहरण जगाला ठाऊकच आहे. जपानमध्ये मिनामाता उपसागराच्या काठी 1950 नंतरच्या वर्षांत मासे खाणारी मांजरे नाचल्यासारखी झोकांड्या खाऊ लागली, समुद्रात पडून मरू लागली. कोळ्यांनी ते पाहिले, पण त्याचा अर्थ कळला तो माणसे तशीच कोसळू लागल्यावर. रोगाची सरकारी नोंद 1 मे 1956 ची आहे. 1959 मध्ये कारखान्याच्याच रुग्णालयातील डॉ. होसोकावा यांनी कारखान्याचे सांडपाणी घातलेले अन्न एका मांजराला दिले. ते मांजर आजारी पडले. पाऱ्याचा दोष सिद्ध करणारा तो प्रयोग कारखान्याने दडपून ठेवला. उंदरांनी मांजराकडे पाहून आपला जीव ओळखला होता. माणसांना तेवढे शहाणपण वेळेवर सुचले नाही.

असो. पुन्हा स्वारगेटला येतो.

वजनाचा हिशेब मांडला त्याच्या दुसऱ्या दिवशी ठकीला पिशवीत घालून डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी प्रथम वजन केले आणि जुन्या कार्डाशी ताडून पाहिले. नंतर ठकीची हनुवटी वर करून अंगठा आणि बोट गळ्यावरून हलकेच खाली सरकवले. एका ठिकाणी बोट थांबले. "येथे हात लावून पाहा," त्या म्हणाल्या. मी लावला. कातडीखाली मटाराएवढे काहीतरी निसटून गेले. चौदा वर्षांत या गळ्याखाली मी हजारदा खाजवले असेन. मला ते कधी लागले नव्हते, कारण मी कधी शोधले नव्हते.

रक्त तपासले. थायरॉईड वाढलेलेच निघाले. बाईंनी समजावून सांगितले की म्हातारे मांजर वाळले म्हणजे हाच रोग, असे नव्हे. मूत्रपिंडे थकतात, मधुमेह होतो, आतड्यात गाठ होते, दात किडून खाता येत नाही. म्हणून मूत्र, साखर, तोंड सगळे पाहावे लागते. आणखी एक पेच त्यांनी सांगितला. थायरॉईडच्या जोराने रक्त वेगाने धावते, त्यामुळे कमजोर मूत्रपिंडेही बरी चालल्यासारखी दिसतात. औषधाने तो जोर उतरला की त्यांचे खरे रूप बाहेर येते. म्हणून औषध थोड्यापासून सुरू करायचे आणि रक्त पुन्हा पुन्हा पाहायचे. ही गाठ बहुतेक वेळा साधी असते, कर्करोगाची क्वचित. परदेशात शस्त्रक्रिया करतात, किंवा किरणोत्सर्गी आयोडीनची एक सुई देतात. ते आयोडीन थेट त्या ग्रंथीत जाऊन बसते आणि जास्तीचा भाग जाळून टाकते. माणसावर हा उपाय सॉल हर्ट्झ यांनी 1941 साली बोस्टनमध्ये प्रथम केला, मागाहून तो मांजरांना मिळाला. कुर्त्वाच्या मांजराने सांडले म्हणतात ते द्रव्य असे फिरून मांजराच्याच गळ्यात उतरले.

आमच्या वाट्याला साधी गोळी आली. सकाळ-संध्याकाळ, बोंबलाच्या तुकड्यात लपवून. पहिला आठवडा ठकीने बोंबील खाल्ला आणि गोळी बशीत काढून ठेवली.

डॉक्टरीणबाईंना मी विचारले, "पावसाळ्यात लगेच आणले असते तर?" त्या म्हणाल्या, "आणले हे महत्त्वाचे." हे उत्तर सौजन्याचे होते. पाच महिने ठकीचे शरीर आमच्या डोळ्यांदेखत जळत होते. आम्ही तिच्या तरतरीचे कौतुक करीत होतो.

त्या रात्री मला आमच्या लहानपणीची मनी आठवली. 1990 च्या आसपासची गोष्ट. तीही म्हातारपणी अशीच अधाशी झाली, अशीच वाळली. आई तिला रागावे, "किती खादाड झालीस गं," आणि तरी तिच्यापुढे भाकरीचा काला ठेवी. एके सकाळी मनी चुलीमागे मेलेली सापडली. आई दिवसभर गप्प होती. संध्याकाळी म्हणाली, "वय झालं होतं." तिला काय झाले होते हे आता कोणी सांगू शकणार नाही, मीही सांगत नाही. पण त्या वेळी न्यू यॉर्कमध्ये त्या दुखण्याला नाव मिळून दहा वर्षे झाली होती आणि आमच्या घरात त्याचे नाव अजून 'वय' हेच होते.

म्हातारपण हा रोग नव्हे. म्हातारपणी रोग होतात. वाक्य साधे आहे, पण मांजराच्या बाबतीत ते खरे मानायला माणसाला हजारो वर्षे लागली. माणसाच्या बाबतीतही आपण ते नेहमी मानतो असे नाही. मांजराला तर बोलताही येत नाही. त्याच्या बाजूने साक्ष देणारा एकच आहे, तो म्हणजे काटा.

म्हणून आमच्या दिनदर्शिकेवर दुधाच्या हिशेबाशेजारी आता दर रविवारी एक आकडा लिहिला जातो. 3.1 नंतर दोन आठवडे 3.1 च होता. मग 3.2, मग 3.3. मधल्या एका तपासणीत मूत्रपिंडांचे आकडे थोडे वर गेलेले दिसले. गोळी कमी करावी लागली. पुढे काय वाढून ठेवले आहे ते डॉक्टरीणबाईंनी लपवलेले नाही. गेल्या रविवारी ठकी 3 किलो 450 भरली. वाण्याने काट्यावरून तिला उचलताना विचारले, "गुरुजी, हिचं रोज काय वजन करता? विकायची आहे का?" दुकानातली माणसे हसली. ठकीने टोपलीतून उडी मारली, पोत्यांच्या मागे गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. ती उंदराच्या मागे आहे की नुसती रुसली आहे हे पाहत मी पायरीवर बसून राहिलो.